गुरकाराचा नऊ वर्षांचा अबोला

२ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा दिवस. मिस्सेची प्रार्थना कबरस्तानात. आमच्या वॉर्डातून आलेली माणसं मोजकीच, आणि त्यातली निम्मी आपल्याच आजोबांची कबर शोधत फिरत होती. मी चर्चच्या या वॉर्डाचा गुरकार, म्हणजे प्रमुख, म्हणून तिसऱ्यांदा निवडून आलोय. पण इतकी आळशी जमात अख्ख्या मंगळुरात दुसरी नसेल.

फादर वालेरियन यांचं प्रवचन: नाताळच्या आधीचा आगमनकाळ जवळ आलाय, तुटलेली मनं जोडा, गरजूंची सेवा करा. विषय बरा. मांडणी चौथीतल्या मुलाची. मी मनातल्या मनात तेच प्रवचन नव्यानं बांधलं. सुरुवातीला विनोद, मध्ये डोळ्यांत पाणी, शेवटी आवाज चढवून एकदम थांबायचं. माझं संपेपर्यंत त्यांचंही संपलं होतं. गुरकारांसाठी काही सूचनाही दिल्या म्हणे. राबवायच्या मलाच, मग ऐकण्यात वेळ कशाला घालवू?

नंतर आमच्याच वॉर्डातल्या सेवरिन तावरोनं फाटकापाशी गाठून सगळं सांगितलं. तोंड माझ्या कानाशी आणून, ओरडून. या माणसाला रीत म्हणून नाही. तर प्रकार असा: पवित्र कुटुंबाची मूर्ती वॉर्डातल्या प्रत्येक घरी एक रात्र मुक्कामाला राहणार. घरात रोजरीची प्रार्थना म्हणायची आणि दुसऱ्या संध्याकाळी अख्ख्या कुटुंबानं ती चालत पुढच्या घरी पोचवायची. सोबत एक मोठी टोपली. प्रत्येकानं तीत काही ना काही घालायचं, शेवटी ती सिस्टरांच्या वृद्धाश्रमात जाणार. घरांचा क्रम गुरकारानं ठरवायचा. एवढं ऐकलं आणि पुरे झालं. तो आणखी काही ओरडत होता, मी निघालो.

संकल्प: वॉर्ड एक करणे. कोणावरही न चिडणे. चहात साखर बंद.

४ नोव्हेंबर, मंगळवार

क्रम ठरवणं हे डोक्याचं काम आहे. रस्त्यानं सरळ गेलं तर मूर्ती लिगोरीच्या घरून माझ्याकडे येणार. म्हणजे लिगोरी आणि त्याची जुलियाना माझ्या दारात उभे. अशक्य.

लिगोरी माझा धाकटा भाऊ. घराला लागून घर. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या लग्नात टोस्ट द्यायचा, म्हणजे ग्लास उचलून शुभेच्छांचं भाषण करायचा मान त्यानं सेवरिनला दिला. मी, मुलीचा सख्खा मोठा काका, समोर बसलेला असताना! या भागात माझ्याइतके टोस्ट कोणी दिलेले नाहीत. माझ्या मुलीच्या, फ्लेवीच्या लग्नात मी तासभर बोललो, एक माणूस हॉल सोडून गेला नाही. (जेवणाची टेबलं माझ्या पाठीमागे होती, पण तो मुद्दा वेगळा.) सेवरिननं काय केलं? नवरा-नवरीची नावं घेतली, देव बरं करो म्हणाला आणि ग्लास उचलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना काय, कशालाही वाजवतात.

त्या दिवसापासून लिगोरीशी एक शब्द नाही. तो हाक मारतो, मी समोर बघत चालत राहतो. चेहऱ्यावरची रेघ हलू देत नाही. आतल्या आत त्याला किती जळत असेल! जळू दे.

तोडगा सापडला. लिगोरी पहिला, मी शेवटचा. मध्ये अख्खा वॉर्ड. शिवाय धाकट्याला पहिला मान दिला म्हणून वाहवाही माझीच.

कार्मिणला सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली. बायको म्हणून तीही हा अबोला इतकी वर्षं पाळतेय. तिचं कौतुक करायला हवं. सवडीनं.

९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी डुकराचं मटण आणि सान्ना, आमच्याकडची इडली. दर रविवारी कार्मिणच्या हाताला काय होतं कोण जाणे, तीच ती आईची चव! मसाला, व्हिनेगर, सगळं तसंच. सोमवार ते शनिवार मात्र तिला तेवढं जमत नाही. म्हटलं, लिगोरीच्या घरी असलं मटण मिळत असेल का? म्हणाली, मिळत असेल हो. आणि भांडं घासायला घेऊन गेली. भांडं आपलं वाटलं नाही.

चहात साखर एकच चमचा. दुसरा अर्धा.

१० नोव्हेंबर, सोमवार

मूर्ती लिगोरीकडे आली. मी गुरकार या नात्यानं जायला हवं होतं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. खिडकीत बसून ऐकलं. अर्धा वॉर्ड लोटला होता. रोजरी संपल्यावर गाणी, मग हसण्याचा आवाज. लिगोरी पट्टी सोडून गातो, लहानपणापासून. आई आम्हाला दोघांना एकत्र गायला लावायची, म्हणजे मी त्याला ओढून जागेवर आणायचो.

कार्मिण त्या वेळी पलीकडच्या अपोलिनबायकडे मीठ आणायला गेली होती. बराच वेळ लागला. आली ती ओठाला केकचा चुरा घेऊन. अपोलिनबाय मिठाबरोबर केक देते, चांगली बाई आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

टोपलीची तपासणी केली. दान बघून मान खाली गेली. सेवरिननं सुरण घातलाय, मातीसकट. कोणी चादर, कोणी नारळ, कोणी तांदूळ. अपोलिनबायनं खोबरेल तेल आणि स्वतः विणलेले पायमोजे. मंगळुरात पायमोजे! एकाच्याही दानात कल्पकता नाही.

मी माझं ठरवलंय. निवृत्तीनंतर मी स्वखर्चानं छापलेलं ‘टोस्ट कसा द्यावा’ हे पुस्तक. प्रती माळ्यावर भरपूर आहेत. म्हाताऱ्या माणसांना वेळ असतो. लिगोरीनं काय घातलं ते कळलं नाही. विचारणार कसं?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

घात झाला.

चर्चमध्ये गुरकारांची सभा. फादर वालेरियन म्हणाले, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी प्रत्येक वॉर्डाची मूर्ती डोलीत ठेवून मिरवत आणायची. डोली उचलणार फक्त दोघे, पहिल्या घरचा आणि शेवटच्या घरचा. म्हणजे वॉर्डाची दोन टोकं जुळली. मी उभा राहून म्हणालो, हे आयत्या वेळी कुठून निघालं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या एका वॉर्डाचा गुरकार म्हणाला, फादरनी हे मृतांच्या दिवशी तीनदा सांगितलं होतं. फादर माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, काही हरकत नाही, गुरकार. शिकवलेल्या पोपटासारखे. संताप आला.

क्रम बदलायचा म्हटलं तर मूर्ती एव्हाना निम्म्याहून अधिक घरं फिरलीय. कंबर दुखतेय असं सांगावं का? पण मग डोली सेवरिन उचलेल. टोस्ट गेला, आता डोलीही? मुळीच नाही.

चहा तीन चमचे. परिस्थितीच तशी आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

देवानं मार्ग दाखवला. मी लिगोरीला क्षमा करणार. सर्वांसमोर.

शनिवारी मूर्ती माझ्या घरी येईल, अख्खा वॉर्ड अंगणात असेल. मी भाषण करीन. नऊ वर्षं मी का बोललो नाही, माझ्या मनाला किती यातना झाल्या, तरी मोठ्या भावानं मोठं मन कसं केलं. लिगोरी रडत पाया पडेल. मी त्याला उठवीन. सेवरिन कोपऱ्यात उभा असेल. हे टोस्टपेक्षा भारी होणार.

खरं सांगायचं तर लिगोरीची आठवण वगैरे येत नाही. विहिरीवर त्याच्या खोकल्याचा आवाज येतो तेवढाच. या पावसाळ्यात तो जास्त खोकत होता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वृद्धाश्रमात वॉर्डाची सेवा. माणसं कधी नव्हे ती भरपूर जमली. मी वाटलेलं पत्रक वाचून आली असतील. कार्मिण म्हणते, लिगोरी घरोघर जाऊन बोलावून आला. तिला कसं ठाऊक?

बायकांनी चादरी धुतल्या, सेवरिन नळ दुरुस्त करत होता, लिगोरी म्हाताऱ्यांची दाढी करत होता. मी देखरेखीला व्हरांड्यात खुर्चीवर. सगळी ओळ खुर्च्यांचीच होती. एक नवीन सिस्टर आली, माझ्या मांडीवर टॉवेल पसरला आणि हातात पेजेची वाटी देऊन म्हणाली, आजोबा, संपवायची हं, टाकायची नाही. गैरसमज दूर करणार होतो. पण पेज चांगली होती, वर आंब्याचं लोणचं.

भाषणाची तालीम केली. चाळीस मिनिटं. कापायला जागाच नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी चार. भाषण तोंडपाठ. कोट इस्त्री केला. पुस्तकाच्या प्रती टोपलीसाठी बांधून ठेवल्या होत्या. कार्मिणनं त्या पुन्हा माळ्यावर टाकल्या आणि तांदळाची पिशवी ठेवली. तिच्याशी वाद घातला नाही. आज क्षमेचा दिवस.

संध्याकाळ. लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

मूर्ती यायच्या आधीच लिगोरी आला. एकटा, मागच्या दारानं, स्वतःचंच घर असल्यासारखा. मी सवयीनं समोर बघत राहिलो. तो खाली बसला, माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, दादा! उद्या मी पुढे, तू मागे! मी मान हलवली की चालायचं, पुन्हा हलवली की थांबायचं! ऐकू आलं नाही तरी चालेल!

मी त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ. केस सगळे गेलेत त्याचे.

तो ओरडतच होता. म्हणाला, इतकी वर्षं हाका मारतोय, तुला ऐकूच येत नाही रे. मी वहिनीला किती वेळा म्हटलं, कानाचं मशीन आणू. ती म्हणते, दादाला लाज वाटते, विषय काढू नका. अरे, लाज कसली? आपले बाबा नाही का शेवटी ठार बहिरे झाले? मग त्यानं माझा हात धरला आणि त्याचे डोळे भरून आले. तो कार्मिणकडे वळून हळू आवाजात म्हणाला, मला ओळखतो तरी, तेवढं पुरे. आणि डोली बघायला गेला.

मी स्वयंपाकघरात जाऊन कार्मिणला विचारलं, मी बहिरा आहे असं कोणी पसरवलं? ती केळी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, मी. मग काय सांगायचं होतं लोकांना? टोस्ट मिळाला नाही म्हणून सख्ख्या भावाशी बोलत नाही? पहिल्याच आठवड्यात जुलियाना रडत विचारायला आली, काय चुकलं आमचं. मला तुमची लाज वाटली, तोंडात आलं ते बोलले. आता सांगा तुम्ही जाऊन, खरं काय ते. बाहेर सगळे जमलेतच.

बाहेर सगळे जमले होते. मूर्ती आत आली, रोजरी झाली. सेवरिननं मला हातवाऱ्यांनी सांगितलं, गुरकार, दोन शब्द. लिगोरी पायरीवर बसून माझ्याकडे बघत होता. चाळीस मिनिटं तोंडपाठ होती.

मी म्हणालो, देव बरं करो. आणि बसलो.

टाळ्या फार पडल्या. इतक्या मला आजवर कधी पडल्या नव्हत्या. अपोलिनबाय शेजारणीला म्हणाली, ऐकू येत नसून किती करतो बिचारा वॉर्डासाठी. ती माझ्यापासून हातभरावर होती.

३० नोव्हेंबर, आगमनकाळाचा पहिला रविवार

डोली नीट पोचली. लिगोरीनं मान हलवली की चाललो, हलवली की थांबलो. फादर वालेरियन प्रवचनात आमच्या वॉर्डाबद्दल दोन वाक्यं बोलले. आज मी सगळं ऐकलं, दुसरं काही करता येत नव्हतं. वाईट बोलत नाहीत.

सकाळी घरून निघताना ठरवलं होतं, दुपारपर्यंत लिगोरीला खरं सांगून टाकायचं. एकांतात. मिस्सेनंतर सांगणार होतो, पण त्यानं माझा हात धरून रस्ता ओलांडून नेला आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला, दादा आज आमच्याकडे जेवणार.

त्याच्या घरात नऊ वर्षांनी पाऊल टाकलं. कार्मिणला मात्र चमचे कुठे आहेत, मिठाची बरणी कुठे आहे, सगळं ठाऊक. जेवायला डुकराचं मटण. पहिल्या घासाला आईची चव. दर रविवारची. मी कार्मिणकडे बघितलं, ती पाणी वाढत होती.

सेवरिनही जेवायला होता. मला मध्ये बसवून सगळे मोकळेपणानं बोलत होते. सेवरिन म्हणाला, त्या लग्नात टोस्ट मला का दिलास ते आज सांग. लिगोरी म्हणाला, अरे, फ्लेवीच्या लग्नात दादा बोलत राहिला आणि मटण गार झालं, पाहुणे उपाशी. माझी हिंमतच झाली नाही. जुलियाना हसली. म्हणाली, काही म्हणा, ऐकू येईनासं झाल्यापासून भाऊजी किती गोड झालेत! लिगोरी म्हणाला, हो ना, आता असाच राहू दे देवा. मशीनबिशीन नको. आणि चरबीचा चांगला तुकडा शोधून माझ्या ताटात घातला.

कार्मिण इतकी हसली की तिला ठसका लागला.

बोलायचं असतं तर तीच वेळ होती. मी आणखी एक सान्ना मागितला. खुणेनं.