साध्या बहिणीचं काम

ता. ३ मार्च

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.
दिग्दर्शकांचं पत्र आलं. आपल्या नाटकाच्या सिनेमात मला साधी बहीण, तुला सुंदर बहीण. बारा वर्षं एका प्रयोगाला तू सुंदर, पुढच्याला मी, असं आपण आलटूनपालटून केलं. दोघींचे कपडेही एकसारखे करडे. सुंदर कोण, ते लोक आपल्या बोलण्याचालण्यावरून ओळखायचे. सिनेमात म्हणे फरक पहिल्या नजरेत दिसायला हवा. म्हणून त्यांनी फोटो मागवले आणि निकाल लावला.

खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट चाललाय. गुरुवारपर्यंत होकार कळवायचाय. लहानपणी तुझी वेणी मीच घालायचे, जरा वाकडी घालायला हवी होती.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

ता. ६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.
तुझ्या रागाला मी भीक घालत नाही. नाक मुरडून झालं असेल तर मुकाट्याने होकार कळव. दुसरी कुणी आली तर मी वाक्य विसरल्यावर सावरून कोण घेईल? रंगभूषाकारांना सांगून तुला मोठी चामखीळ लावू, म्हणजे सगळा दोष त्यांचा.

लोभ आहेच, तो जरा वाढव.
तुझी,
छकुली

ता. २० मे

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.
शूटिंग संपवून सुखरूप घरी पोचले. तिथे बोलले नाही, ते आता लिहिते. पहिल्या दिवशी मी तुझ्या त्या चामखिळीची वाट बघत रंगभूषेच्या खोलीत बसले होते. तुझ्या पापण्या, गाल, केसांच्या बटा यांत दीड तास गेला. मग ते गृहस्थ माझ्याकडे वळले, माझ्या कपाळावरचा घाम टिपला आणि म्हणाले, झालं तुमचं. साधी दिसायला मला काहीच करावं लागलं नाही गं. हल्ली मी आरशाकडे पाठ करून केस विंचरते.

एकच समाधान आहे. तू तुझं लग्न ठरल्याचं सांगतेस आणि मी नुसती ऐकते, तो आपल्या दोघींचा जवळून घेतलेला शॉट. दिग्दर्शक थांबा म्हणायचं विसरले. तेवढा शॉट माझा. बाकी सगळा सिनेमा तुला घे.

मनात काही ठेवू नकोस.
तुझी,
ताई

ता. ११ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.
परवा आम्हा पाचसहा जणांना सिनेमा दाखवला. तुझा तो शॉट आला आणि शेजारी बसलेल्या दिग्दर्शकांच्या पत्नी हळूच म्हणाल्या की काय देखणी आहे ही. त्याच पडद्यावर, तुझ्या बाजूलाच, मी होते, दीड तास रंगवलेली. माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. ताई, माझ्या पोटात दुखलं.

बाहेर आल्यावर मी दिग्दर्शकांना म्हटलं की या शॉटमुळे दोघींतला फरकच राहत नाही, सुंदर कोण ते कळेनासं होतं. त्यांना पटलं. काल त्यांनी तो काढून टाकला.

तुला ते थिएटरात बसल्यावर कळू नये, म्हणून लिहिलं. लोभ असू दे, असं आज कोणत्या तोंडाने लिहू?

छकुली