‘देल चाको’चा ठसा

३ सप्टेंबर

पुन्हा नकार! सकाळी देइदामिया मावशीकडे गेलो. बडीशेप घातलेला गरम चिपा, चीजचा पाव, नेला, तिच्या आवडीचा. सगळा खाल्ला. बुडाखालचा करपलेला तुकडासुद्धा. आणि मी बंदुकीचं नाव काढल्याबरोबर बाई बहिरी! "काय म्हणालास रे नेमे? उत्तरेचा वारा सुटलाय, काही ऐकू येत नाही." वारा कसला, झाडाचं पानही हलत नव्हतं.

आजोबांची बंदूक तिच्या पलंगाखाली घोंगडीत गुंडाळून पडली आहे. बोक्वेरोनच्या लढाईत तासियानो आजोबांनी बोलिव्हियन शिपायाच्या हातातून हिसकावलेली. सगळ्या घराला माहीत आहे, लहानपणापासून ऐकत आलोय. मी गावोगाव फिरून पाराग्वाय-बोलिव्हियाच्या चाकोच्या लढाईतल्या दुसऱ्यांच्या बंदुका गोळा करतो, त्यांचा गंज खरवडतो, आणि माझ्या स्वतःच्या आजोबांची मला हातात धरायला मिळत नाही. आहे की नाही गंमत!

४ सप्टेंबर

माझी बायको सुनिल्दा म्हणाली, "जेवताना पुन्हा बंदूक काढलीस तर ताट उचलून नेईन. काय सांगायचं ते वहीला सांग." सांगतोय.

६ सप्टेंबर

संध्याकाळी क्लबात मीटिंग. बोक्वेरोनच्या विजयाला नव्वद वर्षं होतायत, म्हणून एकोणतीस तारखेला मोठ्या हॉलची एक भिंत आपल्या गावच्या वीरांची. प्रत्येक घराची एक बंदूक, खाली नाव. समितीचा अध्यक्ष कोण? एलादिओ! दुसरं कोण असणार. ट्रकचं गॅरेज मुलाच्या गळ्यात टाकल्यापासून या माणसाला दुसरा उद्योग नाही. संग्रह माझ्यापेक्षा मोठा, आणि तोंड संग्रहापेक्षा मोठं.

मी म्हटलं, एक जागा आमच्या आजोबांना ठेवा. तर हा सगळ्यांसमोर, गार तेरेरे चहाची नळी तोंडातून न काढता — "तासियानो कुठल्या रेजिमेंटमध्ये होता म्हणालास?"

मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आजोबा लढाईबद्दल एक अक्षरही बोलायचे नाहीत. मुळात बोलायचेच कमी. दर एकोणतीस तारखेला बाकीचे म्हातारे पदकं लावून चौकात परेडला जायचे, आणि आजोबा बाहेरून दिसू नयेत असे परसात जाऊन मांडिओकाचे कंद उपटत बसायचे. लोकांनी त्यावरून कुजबुज केली. गेलाच नव्हता लढाईला, नदीच्या या काठावरून त्या काठाला पाहिलं तेवढंच. माझ्या आईने हे ऐकत दिवस काढले. मीही शाळेत ऐकलं. आता माझी नातवंडं ऐकणार?

"बंदूक आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "एकोणतीसला भिंतीवर असेल." बोलून बसलो!

एलादिओ म्हणाला, "आण. ‘देल चाको’चा ठसा असला की झालं."

७ सप्टेंबर

रात्रभर तोच ठसा डोक्यात. आपल्या सैन्याला स्पेनहून आलेल्या बंदुका इतक्या भिकार, की त्यांना ‘पाराग्वायवाल्याला मारणारी’ म्हणायचे. फुटल्या की चालवणाऱ्याचंच तोंड फुटायचं. म्हणून बोलींच्या, म्हणजे बोलिव्हियनांच्या, चांगल्या बंदुका पकडायच्या आणि त्याच वापरायच्या. पकडलेला माल शस्त्रागारात जमा झाला की त्यावर ‘देल चाको’ असा ठसा बसायचा. चाकोतून आलेली, म्हणून. ठसा म्हणजे जिंकलेली. आम्हा बंदूकवेड्यांचं सगळं भांडण त्या दोन शब्दांवर चालतं.

आजोबांच्या बंदुकीवर आहे का? लहानपणी मी फक्त नळीत डोळा घालून पाहिलं होतं.

९ सप्टेंबर

मावशीची खालची कवळी मोडली! देवाची करणी.

उसाच्या कांड्यावर मोडली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खाते ही बाई. फोनवर रडकुंडीला आलेली. "नेमे, सूप पिऊन किती दिवस काढू?" मी म्हटलं, दाताचा डॉक्टर घरात असताना तुला सूप कशाला?

१३ सप्टेंबर

नवी कवळी बसवली. वरचीही बदलून दिली. आरशात बघून अशी लाजली की काय सांगू. मग मी हळूच विषय काढला.

एप्रनच्या टोकाने नवे दात पुसत बसली. तोंडातले तोंडात. शेवटी म्हणाली, "भिंतीवर टांगायची तेवढी टांग. पण तिला काही करायचं नाही. तेलसुद्धा मीच लावते. जशी नेतोस तशी परत आण."

"शपथ," मी म्हटलं.

"तुझ्या शपथा मला ठाऊक आहेत. नुसतं हो म्हण."

हो म्हटलं. घोंगडीसकट गाडीत टाकली आणि तिने मन बदलायच्या आत निघालो.

१४ सप्टेंबर

नाही.

ठसा नाही! सगळीकडे पाहिलं. दवाखान्याचा मोठा दिवा लावला, दातांचं भिंग लावलं, लाकूड उतरवून खालची बाजू पाहिली. बंदूक अशी सुंदर की डोळ्यांत पाणी यावं. चेक बनावटीची, लोखंडावर बोलिव्हियाचं चिन्ह — डोंगर, सूर्य, लामा — परवा कोरल्यासारखं स्वच्छ. बोल्ट लोण्यासारखा सरकतो. मावशीने प्राणापलीकडे जपली आहे. आणि ठशाच्या जागी कोरं करकरीत लोखंड. हात लावून पाहिला, जणू बोटाला काही वेगळं कळणार होतं.

१७ सप्टेंबर

एलादिओकडे घेऊन गेलो. म्हटलं समजावून सांगू. आजोबांनी थेट घरी आणली, शस्त्रागारात जमाच केली नाही, मग ठसा कुठून येणार? सरळ गोष्ट आहे!

त्याने उलटीसुलटी केली. म्हणाला, "माल एक नंबर. पण नेमेसिओ, ठसा नाही म्हणजे ही आपल्या सैन्याच्या हाती लागलेलीच नाही. तुझ्या आजोबाने लढाई संपल्यावर बाजारात घेतली असेल. कोंबड्या राखायला."

वर हसला. त्याची बायको तेरेरे घेऊन आली होती, तीही हसली. मी तोंड कडू करून बसलो. मग त्याने बोलींचे तेच जुने विनोद सुरू केले. डोंगरावरून लोकरीच्या चड्ड्या घालून उतरले आणि चाकोच्या उन्हात शिजले. मीही हसलो. काय करणार, त्याच्या अंगणात बसलो होतो. आणि विनोद मलाही येतात, दोन माझेही सांगितले.

१८ सप्टेंबर

कोंबड्या राखायला!! दिवसभर हेच. एका पेशंटची चुकून शाबूत दाढ ठोकून पाहिली. सुनिल्दा म्हणते, "सांग त्यांना, नाही जमत, आणि मोकळा हो. तुझा आजोबा चांगला माणूस होता, भिंतीवर नसला तर काय बिघडलं?" तिचं काय जातं. तिच्या आजोबाला दोन पदकं आहेत.

२० सप्टेंबर

आज एक गोष्ट केली. लिहू की नको?

एलादिओकडे गेलो, म्हटलं तुझी ती ठसा असलेली जरा बघू दे, फोटो घेतो. तो फोनवर बोलत आत गेला. दातांचं माप घ्यायचा गुलाबी लगदा खिशात नेला होता, तो झटपट मळला. ठशावर दाबला, घट्ट होईपर्यंत जबड्यावर धरतो तसा धरला, आणि काढून रुमालात ठेवला. अक्षर न् अक्षर उठलंय. ‘ए’ची मधली काडी तुटकी आहे, तीही.

२१ सप्टेंबर

दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना दवाखान्याला आतून कडी लावली. लगद्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावरून कागद, कागदावरून लोखंड. दात कोरायचं यंत्र, सर्वांत कडक टोकं. टोकामागून टोक खराब झालं! लोखंड दातासारखं वागत नाही. अक्षरं खोल नेली, कडा घासल्या, वरून तेरेरेच्या पाल्याचं, येरबाच्या चोथ्याचं पाणी आणि जुनं तेल चोळलं.

मी खोटं काय केलं? आजोबांनी ती पकडलीच होती. सैन्याने मारायचा राहून गेलेला ठसा मी मारला. एवढंच.

तरी सुनिल्दाला सांगितलं नाही.

२३ सप्टेंबर

पास! एलादिओने चष्मा वर केला, खाली केला, नख फिरवलं. "अरे, आहे की! मग इतके दिवस काय बोंबलत होतास?" म्हटलं, मळाखाली दडला होता. "दाताच्या डॉक्टरला मळ दिसत नाही," म्हणून पुन्हा हसला. हस बाबा. जागा मिळाली, दाराच्या अगदी समोर. खाली पितळी पट्टी: तासियानो, बोक्वेरोनचे वीर.

आईला हे बघायला मिळायला हवं होतं.

२६ सप्टेंबर

मावशीने दोनदा फोन केला. "बंदूक बरी आहे ना?" जशी काही तापाने फणफणलेली पोर आहे!

२९ सप्टेंबर

संतापाने लिहितोय, अक्षर बघा.

सगळं नीट चाललं होतं. बँड झाला, भाषणं झाली, पाद्रींनी भिंतीवर पाणी शिंपडलं. आजोबांचं नाव घेतलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या घरातून ती कुजबुज निघाली त्या लोकांनी! मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. मावशी पहिल्या रांगेत, नवे दात, नवे कपडे. टाळ्या संपल्यावर उठली आणि बंदुकीपाशी गेली. मला वाटलं, चुंबन घेणार. तिने बोट फिरवलं. थांबली.

"हे काय आहे?"

"ठसा आहे मावशी. पकडलेल्या बंदुकांवर मारायचे."

"हे नव्हतं."

"मळाखाली होतं गं."

"बाबा गेल्यापासून मी तिला तेल लावते. कुठे काय आहे ते मला विचार." आवाज चढवला नाही, पण मागच्या रांगा ऐकायला पुढे सरकल्या होत्या. "‘पकडलेली’ असं लिहिलंय का इथे?"

"तसंच काहीसं."

तर तिने काय करावं? वरची कवळी काढली. खालची काढली. सगळ्या गावासमोर, महापौरासमोर, दोन्ही माझ्या तळहातावर ठेवल्या आणि चालू पडली! एलादिओ खोकला आल्यासारखं करून हसू दाबत होता. मी ओल्या कवळ्या हातात घेऊन उभा. इतकं केलं या बाईसाठी, तिच्याच बापाच्या नावासाठी केलं, आणि तिने माझी अशी शोभा केली. सुनिल्दा परतताना गाडीत एकच शब्द बोलली — "कोरलंस?" मी रेडिओ लावला.

उद्या जाऊन चांगली खडसावणार आहे.

३० सप्टेंबर

गेलो होतो. कवळी परत घेत नाही. बिनदातांची बोलते, म्हणून दोनदा विचारावं लागलं.

म्हणाली, कुणाकडून हिसकावली नव्हती. बाबाची स्वतःचीच होती. बोलिव्हियातल्या पोटोसीच्या डोंगरातून खांद्यावर घेऊन आला होता. चाकोत पाण्यावाचून पलटण मेली, हा सरपटत लाकूडगाड्यांच्या वाटेपर्यंत पोचला. पणजोबांनी, म्हणजे आजीच्या वडिलांनी, गाडीत घातला. तासियानो हे पणजोबांच्या गड्याचं नाव. तो लढाईला गेला आणि परत आला नाही, म्हणून नाव रिकामं होतं.

"शरण जा म्हणाले आईचे लोक," ती म्हणाली, "छावणीत निदान खायला मिळेल. पण शरण जायचं तर बंदूक द्यावी लागते. त्याने नाही दिली. मरेपर्यंत कुणाच्या हाती लागला नाही तो, नेमे. तुझ्या लागला."