पटावर दहा

सोमवार, १ सप्टेंबर

चर्चची पन्हळ पुन्हा तुंबली. शिडीवर मी चढले आणि शिडी धरायला आमच्या चर्चला येणारा शिंपी. धरायला म्हणजे काय, शिडीला टेकून उभा. आत पाला, एक मेलेलं कबुतर आणि कुणाचा तरी मोजा निघाला. छपरावर मोजा कसा चढतो, देव जाणे. "जपून हं," खालून म्हणतो. पडले असते तर त्याच्याच अंगावर पडले असते, तेवढाच त्याचा उपयोग.

पाणी तिसऱ्या बाकावर गळलं होतं. आधी तो बाक पुसला. बाकीचं मग.

बुधवार, ३ सप्टेंबर

अधीक्षकांचं पत्र. आमच्यासारख्या सगळ्या लहान मेथडिस्ट मंडळ्या त्यांच्या हाताखाली. पत्र माझ्या नावे, कारण किल्ली माझ्याकडे, झाडू माझ्याकडे आणि मंडळीचा पटही माझ्याकडे. पंचवीस वर्षं झाली. कोण आलं, कोण गेलं, कोण मेलं, सगळं माझ्या अक्षरात.

पत्रात दोन गोष्टी. एक – जुन्या पटाला कसर लागली आहे, नवीन वहीत उतरवून काढा. प्रत्येक पूर्ण सभासदाच्या नावापुढे त्याला मंडळीत घेतल्याची तारीख हवीच. दोन – एकतीस ऑक्टोबरला ज्या मंडळीत दहापेक्षा कमी पूर्ण सभासद असतील, ती मोठ्या रस्त्यावरच्या मंडळीत मिळवली जाईल. इमारत रिकामी करून द्यावी.

आम्ही दहा आहोत. मोजून दहा.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. अर्धं अंग गेल्यापासून ह्यांना बोलता येत नाही, पण कळतं सगळं. डाव्या हाताची तीन बोटं वर केली. तिसरा बाक. म्हटलं, हो हो, काही होत नाही तुमच्या बाकाला.

रविवार, ७ सप्टेंबर

पाळक येण्याचा रविवार. पोरगेलासा माणूस, चार मंडळ्या सांभाळतो, आमच्याकडे महिन्यातून दोनदा. आज प्रभुभोजन होतं. आमच्यात दारू नसते, द्राक्षाचा रस. ट्रेला भोकं चाळीस, मी पेले ठेवते दहा. पूर्वी चाळीसही पुरत नसत, मधेच धावत जाऊन विसळून आणावे लागत.

पेटीवाल्या मावशी चौऱ्याऐंशीच्या. पायपेटीचे भाते अजून त्याच मारतात. पोस्टमन आणि त्याची बायको. दोघे साडू – एकमेकांशी सात वर्षं अबोला, म्हणून एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि त्यांच्या बायका, सख्ख्या बहिणी, मधल्या वाटेवरून एकमेकींना खुणा करतात. शिंपी. मी. नऊ झाले. दहावे हे. त्यांचा पेला पाळक घरी घेऊन येतात. मी हनुवटीखाली रुमाल धरते.

एवढीच मंडळी. पण गायला लागलो की खिडकीच्या काचा थरथरतात. काचा बसवायची लांबी सुटलीय, ते एक कारण आहे म्हणा.

बुधवार, १० सप्टेंबर

पट उतरवायला बसले. मावशींचं नाव सगळ्यात जुनं. मग पोस्टमन, मग हे.

माझं सापडेना.

गुरुवार, ११ सप्टेंबर

पुन्हा पाहिलं. पानं चिकटली होती ती वाफेवर सोडवली. 'उमेदवार' या यादीत मी आहे. लग्न होऊन आले त्या वर्षीची नोंद. उमेदवार म्हणजे शिकवणी चालू, अजून मंडळीत घेतलेलं नाही. 'पूर्ण सभासद' या यादीत मी नाही. कुठेच नाही.

त्या रविवारची नोंद आहे. चौतीस वर्षांपूर्वीची. चार नावं, तारीख, तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांची सही. खाली एक ओळ कोरी.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरले कधी होते? नुसतं तिकडे बघत नव्हते.

आम्ही पाच जण वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकून होतो. पाळक एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत येत होते. मी शेवटची. आमचं बाळ, चार महिन्यांचं, पेटीपाशी मावशींच्या शेजारी टोपलीत होतं. ते रडायला लागलं. असं रडलं की थांबेना, अंग तापलेलं. मी उठले, तिला उचललं आणि बाहेर गेले. पाळक नंतर म्हणाले, "काही हरकत नाही, पुढच्या महिन्यात घेऊ."

पुढच्या महिन्यात ती नव्हती.

मग कोण मला विचारणार, बाई तुझं राहिलंय म्हणून? कुणाची छाती होती? आणि मला तरी कुठे शुद्ध होती. ह्यांनी वर्षभर कुणाशी न बोलता बाक केले, चर्चचे सगळे अकरा. तिसऱ्याच्या खाली, बसणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, पटाशीने तिचं नाव कोरलं. दुसरीकडे तिची खूण नाही. त्या वेळच्या दफनभूमीवरून आता रस्ता गेला आहे.

मी पटावर नाही. म्हणजे आम्ही नऊ.

रविवार, २१ सप्टेंबर

उपासनेनंतर पाळकांना आडून आडून विचारलं, "समजा, कुणाला नव्यानं घ्यायचं झालं तर?" खूश झाला बिचारा. "कुणी येतंय का?" म्हटलं, समजा. तर म्हणे यंदाचे नवे मार्चपर्यंतच धरले. आता घेतलेला माणूस पुढच्या वर्षीच्या आकड्यात.

पुढच्या वर्षी इथे, जागेवर डोळा ठेवून असलेल्या गोदामवाल्याची खोकी असतील. तो दोनदा येऊन दारं मोजून गेला आहे.

मंगळवार, २३ सप्टेंबर

मी बाक मोजला. आठ फूट. आमची खोली दहा फूट, त्यात ह्यांची खाट. मावणार नाही. मोठ्या रस्त्यावरच्या मंडळीला खुर्च्या आहेत, गादीच्या. त्यांना बाक नकोत. शिंपी म्हणाला, लाकूड चांगलं आहे, कुणीही तोडून नेईल. चांगलं म्हणून सांगत होता मेला.

गुरुवार, २ ऑक्टोबर

लिहिलं.

कोऱ्या ओळीवर. माझं नाव, लग्नानंतरचं, आणि तीच तारीख. जुनी शाई मिळाली नाही, निळ्या शाईत चहाचं पाणी घातलं. दुपारचे तीन वाजले होते, चर्चमध्ये मी एकटी.

मग नवीन वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलं. दहा.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

ह्यांना सांगितलं. वाटलं होतं, बरं वाटेल त्यांना. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

अजून भिंतीकडेच. भरवलं तरी डोळे उघडत नाहीत. म्हटलं, तुमच्याच बाकासाठी केलं ना? मला काय हौस होती? मुकाट चमचा गिळला. न बोलणारा माणूस इतकं भांडू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

रविवार, ५ ऑक्टोबर

प्रभुभोजन. दहा पेले भरले. माझा हातात घेतला आणि आठवलं की इथे पाहुण्यालाही देतात, सभासद असो नसो. मग मी कशाला अडू? प्यायले. रस आंबला होता की मलाच तसं लागलं, कळलं नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

अधीक्षक आले. साडूंच्या बायकांनी चहा केला. मी आदल्या दिवशीच कठडा पुसला, दिवे पुसले, कोपऱ्यातली जाळी काढली. जाळी काढताना मनात आलं, लग्नघरातही मी इतकी राबले नसेन.

उपासनेनंतर दोन्ही वह्या टेबलावर. नाव, तारीख, नाव, तारीख. ज्याचं नाव येईल त्यानं 'हजर' म्हणायचं. ह्यांच्या नावाला मी म्हटलं. माझं नाव आलं तेव्हा ते थांबले. जुनं पान खिडकीच्या उजेडात धरलं. "ही शाई जरा निराळी दिसते."

पोस्टमन चपलांकडे बघत होता. मी पदरानं टेबलाचा कोपरा पुसत राहिले.

तेवढ्यात पेटीच्या स्टुलावरून मावशी बोलल्या. "मी होते त्या दिवशी. पेटीवर मीच होते. हिच्या डोक्यावर हात ठेवलेला मी या डोळ्यांनी पाहिला."

अधीक्षक म्हणाले, "मग प्रश्नच मिटला." सही केली. आकडा एकतीस तारखेचा धरला जाईल, तोवर काही बदल झाला तर कळवा, म्हणाले. चहा घेऊन गेले.

दहा. सगळे हसत होते. दोन्ही साडूंनी एकाच किटलीतला चहा घेतला, म्हणजे पाहा. मी मोरीवर जाऊन कपबशा धूत राहिले.

बुधवार, २२ ऑक्टोबर

मावशींकडे गेले. सूनबाईंनी दार उघडलं, म्हणाल्या, रविवारपासून अंथरुणातच आहेत.

मी पायाशी बसले. काय बोलायचं ते येताना ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. त्याच बोलल्या. "तुझं बाळ रडायला लागलं ना, तेव्हा मी पेटीचा आवाज वाढवला होता. उपासनेत व्यत्यय नको म्हणून. टोपली माझ्या शेजारी होती गं. हात लांब केला असता तर पोचला असता. चौतीस वर्षं ते माझ्या मनात आहे. परवा म्हटलं, तेवढं तरी फेडावं."

मी रडले. म्हटलं, मावशी, चूक माझी, तुम्ही का ओढून घेतलीत?

"ओढून कुठे घेतली. तुझं देणं होतं, ते दिलं. पण चुकीची वस्तू दिली." मग बराच वेळ श्वास घेत राहिल्या. "आता पेटीवर नाही बसणार मी. एवढ्या वर्षांत एक सूर चुकला तरी मला जेवण जात नसे. त्याच जागी बसून एवढं मोठं चुकले." आणि निघताना म्हणाल्या, "माझ्या नावापुढे लिहायची वेळ येईल तेव्हा नीट लिही. दुसरं खोटं नको माझ्या नावावर."

मी म्हटलं, असं अभद्र बोलू नका. सगळेच म्हणतात तसं.

रविवार, २६ ऑक्टोबर

पाळक नाहीत, पेटी नाही. पोस्टमननं सूर धरला, तो इतका वर की दुसऱ्या कडव्यात सगळे गप्प. शिंपी एकटाच शेवटपर्यंत गायला. पेटीवर कापड घालून आले.

तिसऱ्या बाकावर बसले आणि खाली हात घातला. अक्षरं बोटांना लागतात. धूळ नव्हती. महिनाभर रोज पुसतेय ना.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

मावशी सकाळी सातला गेल्या. सूनबाईंचा फोन. मी जाऊन त्यांना अंघोळ घातली, केस विंचरले. बोटं पेटीवर ठेवल्यासारखी वाकलेली, ती सरळ होईनात. तशीच राहू दिली.

अंत्यविधी शनिवारी, एक तारखेला, कारण लेक लांबून यायची आहे. दुपारी पाळकांचा फोन. आवाज दबलेला, चांगल्या मनानं बोलत होता, ते कळत होतं. "पटावर शनिवारचीच तारीख घाला ना. दोन दिवसांचा तर प्रश्न. कोण बघतंय?" पोस्टमनही घरी येऊन तेच म्हणाला. साडू आले, दोघे एकदम, एकाच छत्रीत. "ताई, तुमच्याच हातात आहे. म्हातारीलाही हेच आवडलं असतं."

सगळे खरंच म्हणत होते. नुसतं काही करायचं नाही. दोन दिवस वही उघडायची नाही, बस.

ह्यांना सगळं सांगितलं. ते छताकडे बघत राहिले.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी चर्च झाडलं. मग वही उघडली. मावशींच्या नावापुढे लिहिलं – मृत्यू, ३० ऑक्टोबर. सकाळी सात.

मग माझ्या नावावर रेघ मारली. दोन्ही वह्यांत. बाजूला लिहिलं, तारीख खोटी, मी घातली, आणि खाली सही. वह्या बांधून अधीक्षकांच्या नावे टपालात टाकल्या.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं नाही.

आठ.