नाही जमलं

बडोदे, रविवार

प्रिय मोहना,

सलाम. आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे 'प्रभूमध्ये प्रिय' असं लिहायला घेतलं होतं, पण हात थांबला. का, ते सांगायला मला जरा आडवळणाने यावं लागेल. ताई कधी मुद्द्यावर येत नाही म्हणून तू लहानपणापासून चिडतेस, आजही चीड. चिडलीस तर मला बरंच वाटेल. तुझ्या शुभंकरचा फोन आला होता. तो म्हणाला, बाळ गेल्यापासून तू चिडतसुद्धा नाहीस, ताटावर बसतेस आणि दोन घास चिवडून उठतेस. त्याने आणखी एक सांगितलं. चर्चमधल्या कुणा बाईने तुला ऐकवलं म्हणे, की विश्वास कमी पडला की देव मागणं ऐकत नाही, आणि तेव्हापासून तू नगरच्या उपासनेला जात नाहीस. त्या बाईंना माझा सलाम सांग आणि ताईला तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत असंही सांग. पण मोहना, कमी पडलं ते तुझ्या बाजूने नव्हतं.

डॉक्टरांनी तुला झोपून राहायला सांगितलं तेव्हा आपण सगळ्यांनी साखळी प्रार्थना धरली. प्रत्येकाने आपली वेळ घ्यायची, संपली की ग्रुपवर 'आमेन' टाकायचं, मग पुढच्याने गुडघे टेकायचे. पहाटेची पाळी मी मोठ्या तोऱ्यात मागून घेतली. आणि रोज काय केलं? उठले, चहा केला, अरविंदच्या खुर्चीत बसले, वेळ झाली की 'आमेन' टाकलं. मध्ये काही नाही, एक शब्दही नाही. अरविंद जाताना आयसीयूच्या बाहेर मी नवऱ्यासाठी इतकं मागितलं होतं, की त्यानंतर मला मागताच येत नाही. हे सांगायचं कुणाला? मी चर्चमध्ये पेटी वाजवणारी, लोक माझ्याकडे प्रार्थनेची विनंती घेऊन येतात. तू रोज सकाळी माझ्या 'आमेन'खाली जोडलेले हात टाकायचीस आणि मला फोन पालथा ठेवावासा वाटायचा. तरी पाळी सोडली नाही, कारण सोडली असती तर नयनाला काय झालं, असं सगळ्यांनी विचारलं असतं. स्वतःच्या अब्रूपायी मी तुझ्या बाळाची पहाट रिकामी ठेवली. लिहिताना लाज वाटते आहे, पण झालं ते असं.

बाळ गेलं आणि साखळी आपोआप बंद पडली. मी मात्र त्याच वेळी उठत राहिले. पेटी दुसऱ्यांवर सोपवली आणि मराठी उपासना चुकवून गुजराती उपासनेला मागच्या बाकावर बसू लागले. इतकी वर्षं बडोद्यात काढल्यावर गुजराती मला घरच्यासारखी येते, पण तिथला 'ईसु' काही आपला 'येशू' वाटत नाही. त्याच्यासमोर गप्प बसलं तरी खोटं वागल्यासारखं होत नाही.

आज तिथे पहिल्यांदा डोळे मिटून तुझं नाव घेतलं. 'मोहना' एवढंच निघालं, पुढे काही सुचेना. तशीच उठून बाहेर आले, तर दारात कमळाबेन उभ्या. आमची ओळख मान हलवण्यापुरती. त्यांनी विचारलं, "बेन, जम्यां?" म्हणजे 'जेवलात का?', हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण माझं डोकं मराठीतच अडकलेलं. मला 'जमलं का?' असंच ऐकू आलं, वाटलं, यांना सगळं कळलंय. "नाही हो जमलं," असं म्हणाले आणि तिथेच रडू फुटलं. त्यांना वाटलं, बाई भुकेने रडते आहे! "तो चालो मारे घेर," म्हणत त्यांनी मला रिक्षात कोंबलं, रावपुऱ्यातल्या घरी नेलं आणि समोर खिचडी-कढी वाढली. एक प्रश्न विचारला नाही. मला खरंच भूक लागली होती ग, मला त्याचा पत्ताच नव्हता. देवाने काही ऐकलं की नाही, हे मी आजही छातीठोक सांगणार नाही. पण मला मागता येत नव्हतं आणि कुणीतरी वाढत होतं. कढी ओरपताना वाटलं, मागणं पुन्हा जमेल तेव्हा जमेल, वाढायला तर मला आजही येतं.

माझ्या प्रार्थनेने बाळ वाचलं असतं, असं मला वाटत नाही. देव अशी हजेरी घेत बसत असेल तर तो मला नको. पण खोटं मी वागले आणि दोष स्वतःच्या माथी घेऊन तू उपाशी बसली आहेस, हे मला बघवत नाही. फोनवर सांगितलं असतं तर 'जाऊ दे ग ताई' म्हणून तू मला लगेच मोकळं केलं असतंस, म्हणून हे पत्र. सावकाश वाच, हवं तेवढं रागाव. शनिवारी मी येते आहे. प्रार्थना करायला नाही, तुझ्या स्वयंपाकघरात खिचडी टाकायला. दारातच विचारीन, "जम्यां?" तू मराठीत उत्तर दे.

तुझीच,
नयनाताई