काचपट्टीवरची तारीख

धुळे,
दि. १३ जानेवारी १९९६

प्रिय भटू,

सोळा महिन्यांतले हे माझे तुला पहिले पत्र. या काळात सुरतेहून तुझी तीन पोस्टकार्डे आली. तिन्हींत माझी प्रकृती विचारलेली आणि शेवटी तेच वाक्य: ‘नाना, माझ्यामुळे वहिनी गेली, मला क्षमा करा.’ एकाही कार्डाला मी उत्तर दिले नाही. थोरला भाऊ अजून रागावलेला आहे, असे तू समजला असशील. तू तसे समजावेस, हे माझ्या सोयीचे होते. कार्यालय सुटल्यावर इथेच बसून लिहितो आहे. गावी, घरी, तीनदा लिहायला घेतले. दिवेलागणीला तुझी वहिनी ओट्यावर येऊन बसली आहे असे वाटते आणि हात थांबतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, चोपन्न वर्षांचा माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरीही थांबतो.

तू चार वर्षांचा असताना आई गेली आणि त्याच वर्षी लग्न होऊन झुंबर आपल्या घरात आली. तुझी ती वहिनी कमी आणि आई जास्त होती, हे मी तुला काय सांगावे? पण एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. तू सुरतेला साड्यांच्या गिरणीत लागलास, तेव्हा पहिले तीन दिवस ती जेवली नाही. विचारले तर म्हणे, पोटात गुबारा धरला आहे.

चौऱ्याण्णवच्या श्रावणात, घरात कानबाई देवी बसण्याच्या आठ-दहा दिवस आधी, आपल्या आळीत हिवतापाची फवारणी झाली. आरोग्य केंद्रात नोकरीला असलेला आपला पुना माणसे घेऊन आला होता. औषध वाळल्यावर भिंतींवर पांढरट ओघळ उमटले. झुंबर त्याला म्हणाली, “पुनाभाऊ, तुम्हना डासेसले आमनंच घर सापडनं का? कानबाई येवाले शे, आन् तुम्ही मन्ह्या भिती इद्रूप करी टाक्यात!” पुना हसला. “कानबाईले मी समजाडसू, वहिनी. पन अडीच महिना भितले हात लावू नका.” ती चेष्टा करत होती, आणि चेष्टा करून कामाला लागलीही. भिंतींना चुना मी दिला. माझा स्वभाव तू जाणतोस. तसबीर एक बोट तिरपी असली तरी मला घास उतरत नाही. सारे भाऊबंद कानबाईच्या रोटाच्या जेवणाला जमणार आणि त्यांना ते ओघळ दिसणार, हे मला सोसवणारे नव्हते. कानबाईच्या रविवारी तूही आला होतास. दारातच म्हणालास, “नाना, घर कसं चकचक करी ऱ्हायनं!” मला बरे वाटले होते.

मग सप्टेंबर आला. सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि खानदेशातली जी माणसे पोटासाठी तिकडे गेली होती, ती मिळेल त्या वाहनाने परतू लागली. २४ तारखेला, शनिवारी, तू नवापूर, साक्री करत मालट्रकच्या टपावरून आलास. तोंडाला रुमाल होता. ताप नव्हता, खोकला नव्हता. मी तुला अंगणातूनच मळ्यातल्या खोपटाकडे वळवले. भाकरी बांधावर ठेवायची आणि मागे सरायचे, हा नियम माझाच. घरात झुंबर तापाने अंथरुणावर होती. शुद्धीवर आली की एकच विचारायची: “भटू जेवना का?” मी हो म्हणायचो. दोनदा ते खोटे होते. त्या दोन्ही वेळा बांधापर्यंत कोणी गेलेच नव्हते.

गुरुवारी ती गेली. पितृपक्ष चालू होता. तू शंभर पावले मागून चालत होतास, कारण तुला खांदा देऊ दिला नव्हता. नदीच्या वाटेवर भिकुबाई काकू सगळ्यांदेखत ओरडली, “हाऊच सुरतथीन मरी लई उना!” तू माझ्याकडे पाहिलेस. मी माझ्या पायांकडे पाहिले. तुझी ती नजर अजून त्याच वाटेवर उभी आहे. बस पकडायला मी रोज तिच्यासमोरून जातो.

आता गावची बातमी सांगतो. गेल्या महिन्यात पोलिओच्या डोसाची पहिली फेरी झाली. पुनाने शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडले. आपल्या आळीतली लहान मुले एकोणीस, आली चार. तेव्हा तो दारोदार फिरला. बेबाबाईने नातवाला पदराआड घेतले आणि म्हणाली, “तुन्ही दवाई ऱ्हाऊ दे, पुना. झुंबरनं घर तू फवारं, तिले गोया दिध्यात, तरी सुरतनी मरी तिले खाई गई ना? नाना सांगतीन तं पाजसूत.” पुना पेटी उचलून पुढच्या दाराकडे वळला. उत्तर त्याच्यापाशी होते. संध्याकाळी तो माझ्याकडे आला. “नाना, मन्हं कोन्ही ऐकत नही. तुमनं बठ्ठा ऐकतस. एक डाव बोला.” मी ‘बघू’ म्हणालो. गेल्या आठवड्यात उखर्डूच्या दीड वर्षाच्या नातीला ताप आला आणि तिचा डावा पाय लुळा पडला. ती न आलेल्या पंधरांपैकी एक. धुळ्याला तपासणी चालू आहे, तेव्हा मी निष्कर्ष काढत नाही. मात्र काल तिच्या आईने तिला भिंतीशी उभे करून पाहिले, ते मी रस्त्यावरून पाहिले.

दुसरी फेरी येत्या शनिवारी आहे. आदल्या संध्याकाळी मी चावडीपुढे बोलणार आहे, आणि जे बोलणार ते परक्यांच्या आधी तुला कळावे, यासाठी हे पत्र. तुझ्या वहिनीला प्लेग झालेला नव्हता. मेंदूत गेलेला हिवताप होता. रक्ताचा अहवाल तिच्या दहाव्यानंतर पुनाने माझ्या हाती दिला. तो कोणाला कळता कामा नये, अशी शपथ मी त्याला घातली, आणि स्वतःची नाचक्की सोसून तो ती पाळतो आहे. भिंतींवरचे औषध मी चुन्याखाली गाडले होते. पुनाने दिलेल्या हिवतापाच्या कडू गोळ्या उलट्यांमुळे पोटात ठरल्या नव्हत्या. त्याने पुन्हा दिल्या, त्या मी बाजूला ठेवल्या, कारण धुळ्यात रांग लावून आणलेल्या प्लेगच्या कॅप्सूलांशी त्यांची भेसळ नको, असे मला वाटले. इस्पितळात नेले तर घरावर प्लेगचा शिक्का बसेल, म्हणून नेले नाही. त्या गोळ्यांनी ती वाचली असती का, हे पुनाही सांगत नाही. आणि भिकुबाईने तुझ्याकडे बोट दाखवले, तेव्हा मला सुटल्यासारखे झाले. हे शेवटचे वाक्य शुक्रवारी माझ्या तोंडून निघेल की नाही, सांगता येत नाही. म्हणून ते इथे लिहून ठेवतो. तू ये, असे म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाही. पण ज्या काचपट्टीवर पुनाने तिच्या बोटाचे रक्त घेतले, तिची तारीख अहवालात नोंदलेली आहे, आणि ती मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. २३ सप्टेंबर, शुक्रवार. ताप तिला त्याच्याही आदल्या दिवशी चढला होता. तू आलास शनिवारी, भटू.

तुझाच थोरला,
नाना