दोनशे बारा शिंपले

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

खोकला थांबला का? मी बरी आहे, वेळेवर जेवते.

दर रविवारी मी कॉलेजच्या नोंदवहीसाठी समुद्राकाठच्या खडकांवरचे जिवंत शिंपले मोजायला जाते, हे तुम्ही कौतुकाने सगळ्यांना सांगता. गेल्या रविवारी गारठ्याचा कंटाळा केला. अंथरुणात बसून आदल्याच आठवड्याचा आकडा लिहिला, दोनशे बारा.

काल आमच्या कॉलेजच्या बाई स्वतः खडकांवर जाऊन आल्या, तर सगळे शिंपले मेलेले. मला म्हणाल्या, "बरं झालं तू रविवारी गेलीस. तोवर जिवंत होते, एवढं तरी कळलं." आता त्या रविवारनंतर काय घडलं ते शोधतायत आणि मी नुसती मान डोलावली.

उद्या खरं सांगेन. तुम्हाला आधी लिहिलं, म्हणजे माघार घेता येणार नाही.

भिंतीवरचा माझा खडकांवरचा फोटो तेवढा काढून ठेवा. आईने विचारलं तर हे पत्र द्या.

तुमची,
धाकटी