आठ एमएमचे चकचकीत बोल्ट

३१ ऑगस्ट, रविवार
मामांची, म्हणजे सासऱ्यांची, फटफटी आज टेम्पोतून दुधनीहून आली. टू-स्ट्रोक, अठ्ठ्याहत्तरचं मॉडेल. इंजिन मामांनी तिकडंच करून घेतलंय, एका किकमध्ये सुरू होतं. बाकी सगळं खडखडतं, कारण बोल्ट सडलेत. मामांची अट साधी: दसऱ्याला मी सोलापूरला येतो, जावईबापूंनी मला मागं बसवून सीमोल्लंघन करून आणायचं. काय न हलता, न पडता आणलं तर गाडी तुमची, न्हाय तर ईरप्पाची.
ईरप्पा म्हणजे माझा साडू, अक्कलकोटचा. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सेल्समन. बोल्टशी त्याचा संबंध ब्रोशरमधल्या फोटोपुरता. मी टॉवेल कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघतो. सासऱ्यांनी ही स्पर्धा ठेवायलाच नको होती. ईरप्पाला उगाच वाईट वाटेल.

२ सप्टेंबर
संकल्प: सगळे बोल्ट बदलायचे. स्टेनलेस. स्वतः. रोज संध्याकाळी एक तास.

३ सप्टेंबर
आज जमलं नाही. मॅच.

७ सप्टेंबर, रविवार
सगळे बोल्ट काढले. कारखान्यातला जाडी मोजायचा व्हर्नियर घरी आणलाय (सोमवारी परत). ईरप्पाचा फोन आला होता. म्हणाला, अण्णा, जुन्या गाडीला इंचातलं माप असतंय, जपून बघा. मी मोजलं. सात पॉइंट आठ, पाच पॉइंट नऊ. म्हणजे आठ आणि सहा एमएम, घासून थोडे कमी झालेले. चक्क मेट्रिक! ईरप्पाला लगेच फोन करून कळवलं. तो म्हणाला, मग बरंच झालं की. हरल्याचं दुःख लपवत होता.

९ सप्टेंबर
मापं घेऊन झाली, तेव्हा जुने बोल्ट भंगारवाल्याला देऊन टाकले. घरात गंज नको. सुकन्या म्हणाली, अहो, नवे येईपर्यंत तरी ठेवायचे. बायकांना जुन्या वस्तूंचा फार मोह.

१४ सप्टेंबर, रविवार
हार्डवेअरच्या दुकानात गेलो. आठ एमएम म्हणालो. दुकानदार विचारतो, आटे बारीक की जाड? म्हणालो, आठ. तो म्हणाला, आठमध्येच दोन्ही येतात, जुना एखादा दाखवा. म्हणालो, माप आहे ना, जुना कशाला? चांगले दिसतील ते द्या. त्याने दिले. काय चकाकतात! येताना वाटेत रिक्षात दोनदा पुडी उघडून पाहिली.

१५ सप्टेंबर
व्हर्नियर परत न्यायचा राहिला.

२० सप्टेंबर
एक बोल्ट लावून पाहिला, मडगार्डचा. दोन आटे आत गेला आणि थांबला, हलेना. कसली पकड! जुने बोल्ट काढताना गोल गोल फिरत शेवटपर्यंत यायचे, तेव्हाच मला शंका आली होती. डोकं जरा वर राहतं. मध्ये वॉशर भरले की दिसत नाही.
बाकीचे सावकाश.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
घाई करून चांगलं काम होत नाही. १ ऑक्टोबरला खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात मागांची पूजा असते, मागाला कुणी हात लावत नाही, म्हणून सुट्टी. मला अख्खा दिवस मोकळा. त्याच दिवशी सगळे बोल्ट बसवायचे. प्लॅनिंग म्हणतात ते हेच.

२७ सप्टेंबर
मामांचा फोन. गाडी कुटवर आली, विचारलं. म्हणालो, फिनिशिंग चालू आहे. लई आनंद झाला म्हणाले. सासूबाई असताना दर दसऱ्याला दोघं याच गाडीवरून दुधनीच्या शिवेपर्यंत जायचे. त्या गेल्यापासून मामांनी सीमोल्लंघन केलेलं नाही. मला हे माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर अंगणात जाऊन थोडा वेळ गाडीजवळ उभा राहिलो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळी
लवकर उठलो. अंघोळ, चहा. जुनी पँट घातली. बोल्ट आवळायचे पाने कुठे आहेत?

त्याच दिवशी, दुपारी
पाने देवघरात आहेत. ओळीने मांडलेले, हळदकुंकू लावलेले, वर झेंडू. शेजारी विळी, कात्री, शिलाई मशीन आणि कारखान्याचा व्हर्नियर. पहाटेच पूजा करून सुकन्या मोकळी झाली. पूजेत बसवलेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो, म्हणाली. मी म्हणालो, एकच पाना दे. ती म्हणाली, मग कारखान्यात जाऊन एक माग पण चालवून या.
समोर जोतीराम राहतात, एसटीतून रिटायर झालेले. त्यांच्याकडे गेलो. त्यांचेही पाने पूजेत. पलीकडे फुलाबाईंकडे पक्कड होती. तिलाही कुंकू. सायकलवाल्याने दुकानाच्या शटरला हार घालून कुलूप लावलेलं. आमच्या अख्ख्या पेठेत आज एक पाना रिकामा नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सगळे बोल्ट बोटांनी बसवले! मडगार्ड, चेनकव्हर, फूटरेस्ट, सायलेन्सर. दोन आटे बोटांनीच फिरतात, पुढे जातच नाहीत. म्हणजे पान्याची मुळात गरजच नव्हती. मी उगाच घरोघर हिंडलो. वॉशर पुरले. गाडी नवरीसारखी दिसते.

२ ऑक्टोबर, दसरा
मामा पहिल्या एसटीनेच आले. नवं धोतर, फेटा. ईरप्पा बरोबर. पाने देवघरातून निघायच्या आत मामा गाडीवर बसलेसुद्धा.
एका किकमध्ये सुरू. मी पुढे, मामा मागे. अख्खी पेठ बघायला बाहेर. पहिल्या वळणापासूनच लोक दोन्ही बाजूंनी हात हलवत होते, ओरडत होते. एवढं कौतुक होईल असं वाटलं नव्हतं. मीही हात केला. जोतीराम तर मागून पळत येत होते. मामा पाठीवर थापा मारत होते. सासऱ्यांनी शाबासकी द्यावी आणि तीही इतक्या जोरात! मी वेग वाढवला.
मग मोठा आवाज झाला. सायलेन्सर. थांबून मागे पाहिलं. तो रस्त्यात, त्याच्या मागे चेनकव्हर, त्याच्याही मागे मडगार्ड. मामांचे दोन्ही पाय हवेत, फूटरेस्ट कधीच गेलेले. फेटा सुटून गळ्यात आला होता. मामा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. खाली उतरून रस्त्यातच बसले आणि पुन्हा हसले. शीव अजून पुष्कळ लांब होती.

संध्याकाळ
सोनं द्यायला पेठेतले सगळे येऊन गेले. प्रत्येकाने आपट्याचं पान दिलं आणि बरोबर एक बोल्ट. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, आणि ह्यो तुमचा आमच्या दारात पडला हुता. फुलाबाईंनी वॉशरही आणले, पदरात बांधून. सुकन्याने सगळ्यांना चहा केला. ती दर बोल्टला आत जाऊन हसून येत होती.
गाडी ईरप्पाला गेली. अट ती अट. मला वाईट वाटलं. लिहायला काय हरकत आहे, खूप वाईट वाटलं. ईरप्पाने एक बोल्ट हातात घेऊन बघितला. म्हणाला, अण्णा, आटे बारीक पाहिजे हुते. मी म्हणालो, आकार बरोबर होता. त्याने बोल्ट पुसून माझ्या खिशात ठेवला. चांगला माणूस आहे तो.
निघताना मामांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, जावईबापू, ती गेल्यापासनं आज पयल्यांदा असा हसलो. पुढच्या दसऱ्याला गाडी ईरप्पाची, पण चालवायला तुमीच या. ईरप्पा लई जपून चालवतो, त्यात काय मजा न्हाय.
मी म्हणालो, येतो की. आदल्या दिवशीच येतो, एकदा सगळं चेक करून घेतो.
मामा एकदम गंभीर झाले. म्हणाले, नको. तुमी गाडी सुरू झाल्यावरच या.
बरं म्हणालो.